तरुणांसाठी मौनाची उपासना उभी करताना

आमच्या मंडळीत तरुणांची सभा पूर्वीपासून होती आणि आजही आहे. तीत वाद्ये वाजतात, मोकळ्या आवाजात गाणी होतात, उपदेश होतो. त्या सभेने अनेकांना विश्वासात आणले आहे आणि ती तशीच चालू राहावी असे मला मनापासून वाटते. पण त्याच तरुणांपैकी काही जण सभा संपल्यावर, वाद्ये आवरली जात असताना, मागच्या बाकांवर काही न बोलता बसून राहत. त्यांच्याशी बोलल्यावर कळले की घरी त्यांना एकांत मिळत नाही, हातातला फोन क्षणभर थांबत नाही, परीक्षेची आणि नोकरीची धास्ती मनातून जात नाही, आणि रिकाम्या होत चाललेल्या चर्चमधला तो थोडा वेळ हीच त्यांची आठवड्यातली खरी प्रार्थना असते. एका मुलीने विचारले, “ताई, असं नुसतं देवापुढे बसता येईल अशी उपासना ठेवता नाही का येणार?” त्या प्रश्नातून हे काम सुरू झाले. ते कोणत्या क्रमाने झाले, कोणते निर्णय कशासाठी घेतले आणि त्यांतले काय टिकले, हे अशीच इच्छा असणाऱ्या मंडळींसाठी येथे लिहीत आहे.

आम्ही खोली शोधण्याआधी माणसे निश्चित केली. तिघे प्रौढ आणि चार तरुण असा छोटा गट झाला आणि त्याने एकच नियम घातला: कोणालाही बोलावण्याआधी काही महिने आपण स्वतः अशी प्रार्थना करायची. ज्याला स्वतःला पाच मिनिटांच्या मौनात बसवत नाही, तो इतरांना मौनात नेऊ लागला की त्याचा अस्वस्थपणा सगळ्या खोलीत पसरतो. तरुणांना तो लगेच जाणवतो. या काळात आम्ही दोन जुन्या पद्धती मनापासून शिकलो. पहिली म्हणजे शास्त्राचे प्रार्थनापूर्वक वाचन. बाराव्या शतकातला, एकांतात राहणाऱ्या कार्थुसियन संघाचा मठवासी दुसरा गीगो याने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोरचे शांत अवलोकन. एकच लहान उतारा सावकाश पुन्हा पुन्हा वाचायचा, त्यातला जो शब्द मनाला धरून ठेवील तेथे थांबायचे, त्यातून जी विनंती उठेल ती देवाला सांगायची आणि मग बोलणेही थांबवायचे. दुसरी पद्धत लोयोलाच्या इग्नेशियसने दिलेली दिवसाची तपासणी. त्याच्या आध्यात्मिक साधनांच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातील ही प्रार्थना पाच टप्प्यांची आहे. आधी आभार, मग देवाकडे प्रकाशाची मागणी, मग दिवसभराच्या घटनांवरून हळूहळू फिरवलेली नजर, मग जे चुकले त्याबद्दल क्षमा आणि शेवटी उद्याचा निश्चय. तरुणांना ही दुसरी पद्धत फार लवकर आपलीशी वाटली, कारण ती त्यांच्याच दिवसातून सुरू होते. वर्गातले भांडण, मित्राचा आलेला किंवा न आलेला निरोप, बसमधला प्रवास, हे सगळे तिथे प्रार्थनेचा विषय होते.

पुढे जागेचा विचार करताना आमच्यासमोर दोन उदाहरणे होती. एक फ्रान्समधल्या तेझे गावातल्या मठवासी बंधूंच्या समुदायाचे. १९४० मध्ये, युद्ध चालू असताना, पंचवीस वर्षांचे रोजे हे तरुण तेथे आले. त्यांनी निर्वासितांना आसरा दिला, त्यांत यहुदीही होते. १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात बंधूंनी आजीवन समर्पणाच्या शपथा घेतल्या. हळूहळू तेथे तरुण येऊ लागले आणि त्यांच्यासाठी कोणताही कार्यक्रम न रचता बंधूंनी त्यांना आपल्याच दिवसातून तीन वेळा होणाऱ्या प्रार्थनेत सामील करून घेतले. १९६२ मध्ये बांधलेले त्यांचे समेटाचे चर्च पुढे इतके अपुरे पडू लागले की १९७१ च्या ईस्टरसाठी समुदायाने त्याची दर्शनी भिंत पाडली आणि पुढे मोठा तंबू जोडला. नव्या इमारतीची भिंत लोकांसाठी पाडणारी माणसे जागेकडे कोणत्या दृष्टीने पाहत होती, हे त्यातून दिसते, आणि आमच्या बैठकीत बाके हलवायची की नाही यावर वाद झाला तेव्हा मला हे उदाहरण फार उपयोगी पडले. तेथे बंधू लोकांच्या मध्ये बसतात आणि सगळ्यांचे तोंड एकाच दिशेला असते. त्यामुळे कोणी कोणाकडे पाहत नाही, कोणी सादर करत नाही. झाक बर्तिये या संगीतकाराने त्यांच्यासाठी रचलेली गाणी एक-दोन ओळींची आहेत. ती पुन्हा पुन्हा गाताना पुस्तकाची गरज उरत नाही आणि प्रार्थनेच्या मध्यावर काही मिनिटांचे अखंड मौन असते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या सिएटलच्या सेंट मार्क्स कॅथीड्रलचे. तेथे १९५६ पासून दर रविवारी रात्री साडेनऊला दिवसाची शेवटची प्रार्थना गायली जाते. गायकवृंद समोर नसतो, मागच्या एका कोपऱ्यात उभा असतो. उपदेश नाही, सूचना नाहीत. आणि तरीही तरुण तेथे येतात, जमिनीवर बसतात, काही आडवे होऊन ऐकतात. या रात्रीच्या प्रार्थनेची परंपरा खूप जुनी आहे. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टने मठवासींसाठी लिहिलेल्या नियमात तिच्यासाठी रोज तीच तीन स्तोत्रे सांगितली आहेत, चौथे, एक्याण्णवावे आणि एकशे चौतिसावे, आणि रोज तीच असल्यामुळे ती अंधारातही पाठ म्हणता येतात. या गोष्टीचा माझ्यावर खोल परिणाम झाला. तरुणांना सतत काहीतरी नवे हवे असते असे गृहीत धरून आपण दर आठवड्याला नवी कल्पना शोधत राहतो. पण ज्याचे सगळे आयुष्य बदलत्या गोष्टींनी भरलेले आहे, त्याला न बदलणारे काही मिळाले तर त्यावर तो विसावू शकतो. आमच्या उपासनेचा क्रम म्हणूनच एकदा ठरवला आणि तो तसाच ठेवला.

खोलीच्या बाबतीत आमचे बरेचसे काम वस्तू बाहेर काढण्याचे होते. आम्हाला मिळालेल्या सभागृहात घोषणाफलक, जुन्या कार्यक्रमांची सजावट, ध्वनिवर्धक आणि एक मोठा पडदा होता. ते सगळे निघाल्यावर समोर तीनच गोष्टी ठेवल्या: साधा लाकडी क्रूस, उघडे बायबल आणि त्याजवळ एक दिवा. उजेड कमी केला, पण इतकाच की प्रत्येकाचा चेहरा आणि दरवाजा स्पष्ट दिसेल. अंधारात काहींना सुरक्षित वाटत नाही आणि तरुणांच्या जागेत काय चालले आहे हे दारातून येणाऱ्या कोणालाही दिसले पाहिजे. मेणबत्त्या वाळूने भरलेल्या रुंद धातूच्या ताटांतच लावायच्या, कापडापासून आणि केसांपासून दूर ठेवायच्या, अग्निशामक यंत्र जवळ ठेवायचे आणि एका व्यक्तीने शेवटपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायचे, हे लिहून काढले.

आवाजाचा विचार उजेडाहून अधिक करावा लागला, आणि माझ्या अनुभवात याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मौनासाठी खोली बंदिस्त आणि मऊ असावी असे वाटते, म्हणून लोक जाड पडदे आणि गालिचे आणतात. पण त्या कापडाने गाण्याचा आवाज शोषला जातो, गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज एकटा ऐकू येतो आणि तो लाजून गाणे सोडतो. भिंती थोड्या उघड्या राहिल्या तर सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि लाजरी मुलेही गातात. त्यामुळे आम्ही बसण्यापुरत्याच सतरंज्या अंथरल्या आणि भिंती मोकळ्या ठेवल्या. पंख्याची घरघर आणि दाराच्या बिजागरीची करकर मात्र दुरुस्त करून घेतली, कारण मौनात ती फार मोठी वाटते. बसण्यासाठी जमीन, गुडघे टेकणाऱ्यांसाठी बुटकी बाके आणि खुर्च्या, तिन्ही ठेवले; खुर्च्या कडेला एका रांगेत न ठेवता सगळ्यांमध्ये मिसळल्या, म्हणजे ज्याला जमिनीवर बसता येत नाही तो वेगळा पडत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी मधली वाट रुंद सोडली.

उपासनेचा क्रम असा ठरला. आल्याबरोबर शांतपणे बसायचे. एक छोटे गाणे, एक स्तोत्र, दुसरे गाणे, शुभवर्तमानातला लहान उतारा सावकाश दोनदा, मग मौन. मौनानंतर मध्यस्थीच्या प्रार्थना, ज्यात कोणीही एक वाक्य मोठ्याने म्हणू शकतो किंवा काहीच म्हणत नाही, मग प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद आणि शेवटचे गाणे. सगळे मिळून पाऊण तास. मौन सुरुवातीला तीन मिनिटांचे ठेवले आणि तरुणांनीच “आणखी थोडा वेळ हवा” असे म्हटल्यावर ते हळूहळू आठ मिनिटांपर्यंत नेले. मौन किती वेळाचे आहे हे आधी सांगायचे, हे मला अत्यावश्यक वाटते. शेवट माहीत नसलेले मौन नवख्याला कोंडल्यासारखे वाटते, आणि तो देवाऐवजी घड्याळाचा विचार करत राहतो. सुरुवात आणि शेवट एका लहान घंटेने होतो.

मौनात मन भटकते ही तक्रार प्रत्येक जण करतो. त्यावर आम्ही वाळवंटातल्या प्राचीन मठवासींकडून आलेला उपाय सांगतो. चौथ्या-पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियनने इजिप्तच्या मठवासींची शिकवण लिहून ठेवली आहे. सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभी देवाने आपल्या साहाय्याला त्वरेने यावे अशी जी विनवणी आहे, तेवढे एकच वचन मनात धरून ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. विसाव्या शतकात बेनेडिक्टिन संन्यासी जॉन मेन यांनी ‘मारानाथा’ हा शब्द सुचवला, जो पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी येतो आणि ज्यात प्रभूने यावे ही हाक आहे. आमच्याकडे प्रत्येक जण वाचलेल्या उताऱ्यातला एखादा शब्द धरतो, किंवा यापैकी एक. मन दूर गेले की स्वतःवर न रागावता पुन्हा त्या शब्दाकडे यायचे. एवढेच शिकवायचे आणि मग बोलणे थांबवायचे. मौनापूर्वी फार समजावून सांगण्याचा मोह मोठ्यांना होतोच. पण लांब समजावण्याने मौन परीक्षेसारखे होते.

तरुणांच्या सुरक्षिततेविषयी मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे. मौन सर्वांना सारखेच सुखाचे नसते. ज्याने नुकताच कोणी जवळचा गमावला आहे, ज्याच्या घरी हिंसा आहे, ज्याला तीव्र अस्वस्थतेचे झटके येतात, त्याच्यापुढे शांत बसल्यावर नेमके तेच उभे राहते. म्हणून डोळे मिटणे कधीही सक्तीचे नाही. दिव्याकडे पाहत राहता येते, उठून फिरता येते, मध्येच कारण न सांगता बाहेर जाता येते, आणि बाहेर एक जाणता प्रौढ बसलेला असतो. खोलीत नेहमी किमान दोन प्रौढ असतात आणि कोणताही प्रौढ कोणत्याही अल्पवयीन मुलाबरोबर बंद दाराआड एकटा बसत नाही. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असेल तर आधी विचारायचे आणि नकार सहज स्वीकारायचा. कोणी मन मोकळे केले तर ऐकायचे. पण मुलाला धोका असल्याचे कळले तर ते गुप्त ठेवण्याचे वचन द्यायचे नाही, हे आम्ही मुलांना आधीच स्पष्ट सांगतो. निराशा खोल असेल तर प्रार्थनेबरोबरच डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे पोहोचवणे ही आमचीच जबाबदारी आहे. हे प्रार्थनेवरच्या विश्वासाच्या विरोधात जात नाही.

मंडळीतल्या काही ज्येष्ठांना हे सगळे परके वाटले, आणि त्यांची शंका प्रामाणिक होती. मन रिकामे करून बसणे ही ख्रिस्ती प्रार्थना कशी, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही त्यांच्याबरोबर बसून शास्त्रच उघडले. एलीयाला होरेब डोंगरावर देव वादळात, भूकंपात किंवा अग्नीत भेटला नाही. त्यानंतरच्या मंद, शांत वाणीत भेटला. येशू पहाटे अंधार असतानाच एकांतात प्रार्थनेला जात असे, हे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दाखला शमुवेलाचा आहे: पवित्रस्थानात निजलेल्या मुलाला देव हाक मारतो, मुलाला ती ओळखता येत नाही, आणि वृद्ध एली त्याला स्वतःचे मत न सांगता पुन्हा जाऊन ऐकायला शिकवतो. मोठ्यांनी तरुणांसाठी नेमके काय करायचे ते त्या अध्यायात सांगितले आहे. आमच्या मौनाच्या मध्यभागी नेहमी वाचलेले वचन असते, हे पाहिल्यावर बहुतेकांची शंका मिटली. काही ज्येष्ठ नंतर स्वतः येऊन बसू लागले.

चित्रांबाबत मात्र एकमत झाले नाही. तेझेमध्ये एका प्राचीन कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती परंपरेतल्या, चित्रावर प्रेम केले जाते, ज्यात ख्रिस्ताने मठाधिपती मीनाच्या खांद्यावर हात ठेवला आहे. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आमच्या गटातल्या तरुणांना ते फार भावले, कारण त्यात ख्रिस्त समोर न येता मित्रासारखा शेजारी उभा आहे. पण काहींना प्रार्थनेत प्रतिमा ठेवणे विवेकाला पटत नव्हते. आम्ही ते चित्र बाजूच्या छोट्या खोलीत ठेवले, जिथे ज्याला जायचे तो जातो. कोणाच्याही विवेकाला मुख्य खोलीत अडखळण नसावी, असे मला आजही वाटते.

हालचालीतून प्रार्थना करणाऱ्यांसाठी आम्ही कापडावर चक्रव्यूहाकार वाट रंगवली. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलच्या फरशीवर तेराव्या शतकातील अशी वाट आहे; तिचा व्यास सुमारे १३ मीटर आणि फेरे अकरा आहेत. तिच्यात फाटे नाहीत, हरवण्याची सोय नाही. पावले टाकत गेलो की मध्याशी पोहोचतो आणि त्याच वाटेने परत येतो. आमच्या खोलीत तेवढी जागा नसल्याने सात फेऱ्यांचा जुना आराखडा घेतला, जो पाऊण हाताची वाट ठेवली तर सुमारे सहा मीटरमध्ये बसतो. ज्यांना स्थिर बसणे अवघड जाते त्यांना याचा मोठा उपयोग झाला. महिन्यातून एकदाच ती वाट अंथरतो. पाण्यात दगड सोडणे, चिठ्ठीवर नावे लिहून क्रूसाजवळ ठेवणे अशी इतर साधनेही वापरली, पण एका वेळी एकच. प्रार्थनेच्या खोलीत सहा-सात ठिकाणी काहीतरी करण्यासारखे ठेवले की तरुण एकामागून एक ते उरकत जातात आणि कशाजवळच थांबत नाहीत.

फोनविषयी आम्ही ते आवाज बंद करून पिशवीत ठेवायला सांगतो. काढून घेत नाही, कारण कोणाच्या घरी आजारी माणूस असते. उपासनेनंतर “कसे वाटले?” असे विचारत नाही. ज्याला बोलायचे असते तो थांबतो. उपस्थितीची नोंद सुरक्षिततेसाठी ठेवतो, मंडळीच्या अहवालात मात्र यशाचे माप म्हणून ती देत नाही, आणि हे आम्ही पाळकांकडून सुरुवातीलाच मान्य करून घेतले. कधी खोली भरते, कधी मूठभरच असतात. क्रम आणि मौन दोन्ही वेळी तेवढेच असते.

आता उतारा निवडणे, गाणे उचलणे, घंटा वाजवणे ही कामे तरुणच आळीपाळीने करतात, आणि प्रौढ मागे बसतात. शिक्षणासाठी दुसरीकडे जाणाऱ्यांना आम्ही क्रमाचा एक छोटा कागद देतो, ज्याच्या आधारे दोघे-तिघे कोणत्याही खोलीत अर्ध्या तासात ही प्रार्थना करू शकतात. काहींनी वसतिगृहात ती सुरूही केली आहे. सध्या तरुणांची मागणी ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाची आहे: अंधारात सुरुवात, बाहेर पेटवलेला नवा अग्नी, त्यावरून लावलेली मोठी मेणबत्ती आणि उत्पत्तीपासून निर्गमातून पुढे संदेष्ट्यांपर्यंत जाणारी वाचने. रोमन परंपरेत जुन्या करारातली सात वाचने आहेत. मुलांना सातही हवी आहेत, प्रत्येकानंतर मौनासह. पाळकांच्या मते चार पुरेत. अठरा वर्षांखालच्यांना रात्री उशिरा घरी कोण सोडणार, अग्नी अंगणात कोठे पेटवायचा आणि पावसाची शक्यता असेल तर काय, याची यादी आम्ही पुढच्या बैठकीसाठी केली आहे.